अर्ध्यावर थांबणारा बंब

बंबातून बहात्तर ग्रॅम पाणी यायला हवं होतं. आलं छत्तीस.

सलीमकाकांनी मापाची काचनळी डोळ्यांसमोर धरली, मग दिव्याकडे धरली, मग बाहेरून पुसून पुन्हा धरली. पाणी काही वाढलं नाही.

"बरोबर निम्मं," ते म्हणाले. "यंत्र बिघडलं तर चाळीस येईल, पन्नास येईल, काहीही येईल. नेमकं निम्मं कसं येतं?"

"गळत असेल कुठेतरी," बाबा म्हणाले.

"सुधाकर, तीन वेळा तपासलाय मी बंब. त्यातून मुंगीचा श्वाससुद्धा बाहेर जाणार नाही."

मृण्मयी बाजूच्या पिंपावर बसून ऐकत होती. ती बारा वर्षांची होती आणि सहाव्या वर्षापासून मंगळावर राहत होती. त्यांच्या वस्तीचं नाव तांबडमाळ. साठेक माणसं, चार घुमट, घुमटांना जोडणारे बोगदे आणि चहूकडे लाल माती. सलीम अत्तार हे वस्तीचे यंत्रज्ञ. त्यांच्या ताब्यातल्या मोठ्या भट्टीचा आकार जुन्या घरांमधल्या पाणी तापवायच्या तांब्याच्या बंबासारखा होता, म्हणून सगळे तिला बंबच म्हणत. तो खरं तर लोखंड बनवण्यासाठी होता. मंगळाच्या मातीत गंजाच्या रूपात लोखंड भरपूर, पण ते मोकळं करायला कार्बन मोनॉक्साइड वायू लागतो. तो या बंबात तयार व्हायचा. त्याच्याबरोबर थोडं पाणीही व्हायचं, पण आजवर त्या पाण्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नव्हतं.

आता मात्र त्या पाण्यावरच सगळं अवलंबून होतं.

मृण्मयीचे बाबा, सुधाकर भोई, वस्तीचं मत्स्यतळं सांभाळत. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी. उजनीच्या पाण्यावर त्यांचं बालपण गेलेलं. तांबडमाळच्या छोट्या तळ्यात त्यांनी रोहू वाढवले होते. रोहू साठलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाही. बाबांनी पंप लावून पाणी खेळतं ठेवलं, उजेड कमीजास्त केला, दोन वर्षं खटपट केली, आणि गेल्या महिन्यात एका सकाळी तळ्याच्या कोपऱ्यात शेवयांच्या तुकड्यांएवढी पिल्लं वळवळताना दिसली. मंगळावर जन्मलेले पहिले मासे. ती पाहायला सगळी वस्ती रांगेनं येऊन गेली होती.

आणि परवा तळ्याचं अस्तर फाटलं. बाबांनी ते तासाभरात सांधलं, पण तोवर बरंच पाणी खालच्या वाळूत जाऊन गोठून गेलं होतं. जमिनीखालचा बर्फ उपसणाऱ्या यंत्राचं पातं आधीच तुटलेलं, आणि नवं पातं पृथ्वीवरून निघालेल्या यानात होतं. ते यायला अजून दोन महिने होते. पिण्याच्या साठ्याला हात लावायचा नाही हा वस्तीचा नियम, आणि बाबांनाही तो मान्य होता. उरलेल्या पाण्यात मासे दाटीवाटीनं आठवडाभर कसेबसे तग धरतील, असं बाबांचं म्हणणं होतं.

वस्तीच्या समितीनं राखीव हायड्रोजनची एक टाकी दिली होती. तिच्यातला सगळा हायड्रोजन कामी आला तर चारशे लीटर पाणी झालं असतं. तळ्याला हवं होतं तीनशे. म्हणून आज आधी छोटी चाचणी घेतली, तर हे असं.

"निम्मं म्हणजे दोनशे लीटर," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम खाली गेला. "दोनशेत एक तर पिल्लं जगतील, नाहीतर मोठे मासे. मला निवड करावी लागेल."

मग मृण्मयी पिंपावरून उतरली. "मी आत्याला बोलावून आणते," ती म्हणाली.

आत्या म्हणजे डॉ. प्रमिला भोई, बाबांची मोठी बहीण, वस्तीतली एकुलती एक रसायनशास्त्रज्ञ. गेले काही दिवस ती शेजारच्या घुमटात मातीचे नमुने तपासत बसली होती आणि इकडे काय चाललंय याचा तिला पत्ता नव्हता. ती आली ती बाह्या वर सरसावूनच. तिनं सगळं ऐकून घेतलं, काचनळी पाहिली आणि विचारलं, "बंबात नेमकं काय भरलंत?"

"चार मोल कार्बन डायऑक्साइड आणि चार मोल हायड्रोजन," सलीमकाका म्हणाले.

मोल म्हणजे रेणू मोजायचं माप. केळी आपण डझनानं मोजतो, तसे रेणू मोलनं. फरक इतकाच की डझनात बारा केळी असतात आणि एका मोलमध्ये सहावर तेवीस शून्यं दिली तर होतील जवळजवळ तेवढे रेणू. एक मोल पाणी म्हणजे अठरा ग्रॅम, म्हणजे साधारण एक घोट.

"आणि तापमान?"

"आठशे तीस अंश. त्याहून जास्त उष्णता बंबाच्या भिंती सहन करत नाहीत."

आत्या हसली. "मग बंब उत्तम चाललाय. इतकं अचूक उत्तर त्यानं दिलंय आणि तुम्ही त्याला नावं ठेवताय."

"ताई, थट्टा नको," बाबा म्हणाले. "कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू, हायड्रोजनचा एक रेणू. दोन्ही मिळून कार्बन मोनॉक्साइडचा एक आणि पाण्याचा एक. चार मोल भरले तर चार मोल पाणी यायला हवं. बहात्तर ग्रॅम. हे तर शाळेत शिकवतात."

"जास्त वेळ ठेवूनही पाहिलं," सलीमकाका म्हणाले. "दुप्पट वेळ ठेवला. उत्प्रेरकाची जाळी, म्हणजे रासायनिक क्रिया लवकर घडवणारी ती जाळी, तीही नवी बसवली. तरी निम्मंच."

आत्यानं बंबावर हात ठेवला. "आता एक उलटी चाचणी घेऊ. या वेळी आत ना कार्बन डायऑक्साइड घालायचा, ना हायड्रोजन. चार मोल कार्बन मोनॉक्साइड आणि चार मोल पाण्याची वाफ घाला. बाकी सगळं तसंच."

"म्हणजे पाणी मिळवायचं सोडून असलेलं पाणी आत घालायचं?" बाबांनी विचारलं.

"अर्धी वाटी फक्त."

बाबांनी ती अर्धी वाटी दिली, पण देताना तिच्याकडे असं पाहिलं, जणू सोनंच वितळवायला देताहेत.

बंब तापला. ठरलेल्या वेळानं आतला वायू थंड नळीतून झपकन बाहेर काढला. असा एकदम थंड केला की रेणूंची आपापसातली देवाणघेवाण थांबते आणि आत जी स्थिती होती, ती तशीच हाती लागते. वाफेचं पाणी काचनळीत उतरलं. मृण्मयीनं खाली वाकून आकडा वाचला.

"छत्तीस," ती म्हणाली आणि पुन्हा वाचला. "आत्या, छत्तीसच. बहात्तर घातलं होतं."

"आणि उरलेल्या वायूत दोन मोल हायड्रोजन सापडेल, दोन मोल कार्बन डायऑक्साइड," आत्या म्हणाली.

सलीमकाकांनी मापकयंत्र लावून पाहिलं. तसंच निघालं.

मृण्मयीनं बंबाकडे पाहिलं. हायड्रोजनपासून निघालो तरी निम्मं, पाण्यापासून निघालो तरी निम्मं. "म्हणजे आत दोन्ही कामं होतात," ती हळूहळू म्हणाली. "पाणी तयारही होतं आणि मोडतंही."

"चल, तुझ्या माशांकडे जाऊ," आत्या म्हणाली.

पिल्लं तळ्याच्या एका कोपऱ्यात बारीक जाळीमागे होती. तळ्याच्या मधोमध बाबांनी जाळीची आणखी एक आडभिंत घातली होती, आणि तिच्यात एका माशाला जाता येईल एवढं भोक होतं. पाणी कमी झाल्यामुळे मोठ्या रोहूंच्या पाठी जवळजवळ वर दिसत होत्या. आत्यानं बाबांना विचारून दाण्याची मूठ दाखवत सगळे मोठे मासे डाव्या बाजूला आणले आणि मग दोघी काठावर बसल्या.

सुरुवातीला एकामागून एक मासा भोकातून उजवीकडे जाऊ लागला. डावीकडे गर्दी, त्यामुळे भोकाशी कुणी ना कुणी असायचंच. थोड्या वेळानं उजवीकडेही मासे झाले आणि त्यातला एखादा परत डावीकडे येऊ लागला. आणखी थोड्या वेळानं दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखे मासे झाले. मग तो आकडा फारसा हलेना.

"थांबले का मासे?" आत्यानं विचारलं.

"नाही. जातात अजून. पण जितके जातात तितकेच परत येतात, म्हणून थांबल्यासारखं वाटतं."

"याला रासायनिक समतोल म्हणतात. रेणू थांबत नाहीत, आकडे थांबतात. सलीमनं दिवसभर बंब तापवला तरी आकडे तिथंच राहणार. उत्प्रेरकाची जाळी भोक मोठं करते, त्यामुळे समतोल लवकर येतो. पण येतो तो तिथंच."

मृण्मयीनं पाण्यात बोट फिरवलं. "पण निम्म्यावरच का? नेहमी निम्म्यावरच थांबतं?"

"हा खरा प्रश्न," आत्या म्हणाली. "मासा एकटा भोकातून जातो. पण पाणी व्हायला कार्बन डायऑक्साइडचा रेणू आणि हायड्रोजनचा रेणू एकमेकांना धडकावे लागतात. समजा, बंबात हायड्रोजन दुप्पट केला. टकरी किती होतील?"

"दुप्पट."

"आणि कार्बन डायऑक्साइड तिप्पट केला तर?"

"त्या दुपटीच्या तिप्पट. म्हणजे सहापट."

"म्हणून गुणाकार करायचा. पाणी किती वेगानं तयार होतं ते या दोघांच्या संहतींच्या गुणाकारावर ठरतं." संहती म्हणजे ठरावीक जागेत एखादा पदार्थ किती आहे ते. "बंबाची आतली जागा एक घनमीटर आहे, त्यामुळे आपलं काम सोपं. जितके मोल, तितकीच संहती. आणि पाणी मोडण्याचा वेग कशावर ठरेल?"

"पाणी आणि कार्बन मोनॉक्साइड यांच्या गुणाकारावर."

आत्यानं काठावरच्या ओल्या मातीत बोटानं लिहिलं:

(कार्बन मोनॉक्साइड × पाणी) ÷ (कार्बन डायऑक्साइड × हायड्रोजन)

"समतोल आला की या भागाकाराचं उत्तर दर वेळी एकच येतं, सुरुवातीला काहीही भरलं असलं तरी. त्याला समतोल स्थिरांक म्हणतात. तापमान बदललं तर तो बदलतो, एरवी नाही. आणि आठशे तीस अंशांना या क्रियेचा स्थिरांक जवळजवळ एक आहे. तपासून बघ."

मृण्मयीनं तपासलं. वर दोन गुणिले दोन, चार. खाली दोन गुणिले दोन, चार. चार भागिले चार, एक.

"जमलं," ती म्हणाली. मग तिच्या कपाळाला आठी पडली. "पण आत्या, आपल्याला निम्मं कसं होतं ते कळलं. पाणी तर वाढलं नाही."

"नाही वाढलं," आत्यानं मान्य केलं. "आता मला जेवू दे."

जेवताना मृण्मयीचं ताटात लक्ष नव्हतं. तिनं भाकरीचे चतकोर मांडले. एकीकडे चार, दुसरीकडे चार. आधी तिला वाटलं, दोन्ही वायू दुप्पट भरू. आठ आणि आठ. मग चार पाणी झालं की वर सोळा, खाली सोळा. पुन्हा निम्मंच. हायड्रोजन दुप्पट लागला आणि पाणीही दुप्पटच आलं, म्हणजे फायदा काहीच नाही.

नुसता हायड्रोजन वाढवला तर? पण तोच तर मोजका होता.

तिनं खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर वारा लाल धूळ उडवत होता. मंगळावरची हवा पातळ, पण ती जवळजवळ सगळी कसली असते, हे तिथल्या सहा वर्षांच्या मुलालाही माहीत होतं.

"आत्या," ती म्हणाली, "कार्बन डायऑक्साइड एकटाच वाढवला तर चालतो का?"

आत्यानं घास तोंडाशीच थांबवला. "तू सांग."

"चारच्या जागी बारा घेऊ. हायड्रोजन चारच." मृण्मयीनं चतकोर संपल्यामुळे शेंगदाणे घेतले. "दोन पाणी झालं असं धरते. मग कार्बन मोनॉक्साइड दोन, कार्बन डायऑक्साइड उरला दहा, हायड्रोजन उरला दोन. वर दोन दुणे चार. खाली दहा दुणे वीस. चार भागिले वीस म्हणजे एक पंचमांश. एकापेक्षा कमी."

"म्हणजे काय होतंय आत?"

"पाणी तयार होण्याचा वेग अजून जास्त आहे. समतोल आलेला नाही. क्रिया पुढे जाणार." तिनं एक शेंगदाणा सरकवला. "तीन पाणी झालं असं धरू. कार्बन मोनॉक्साइड तीन. वर तीन त्रिक नऊ. खाली कार्बन डायऑक्साइड बारातून तीन गेले, नऊ. हायड्रोजन चारातून तीन गेले, एक. नऊ एके नऊ."

ती थांबली.

"नऊ भागिले नऊ," बाबा म्हणाले. ते कधी येऊन मागे उभे राहिले होते, कुणाला कळलं नव्हतं.

"एक," मृण्मयी म्हणाली. "बाबा, चारातले तीन. चारशे लीटरमधले तीनशे."

बाबा खाली बसले. त्यांनी ते शेंगदाणे स्वतः एकदा पुन्हा मांडले, ओठांत पुटपुटत गुणाकार केले, आणि मग आत्याकडे पाहिलं. आत्यानं मान हलवली. "हिशेब बरोबर आहे. माझं उत्तरही तेच होतं, पण पोरगी स्वतः पोचतेय का ते पाहायचं होतं."

"आणि पोचली नसती तर?"

"तर जेवण झाल्यावर सांगणारच होते. मासे वाट पाहत थांबत नाहीत."

सलीमकाकांनी मात्र लगेच होकार दिला नाही. ते म्हणाले की जादा वायू म्हणजे तो तापवायला जादा वीज, आणि धुळीमुळे सौरपत्र्यांवर ऊन कमी पडतंय. हिशेब कागदावर चालतो, बंबात चालेल याची खात्री काय? म्हणून आधी पुन्हा छोटी चाचणी घेतली. बारा मोल कार्बन डायऑक्साइड, चार मोल हायड्रोजन. तीन मोल पाणी म्हणजे चोपन्न ग्रॅम यायला हवं होतं.

काचनळीत पाणी हळूहळू चढलं. छत्तीसच्या खुणेशी आलं तेव्हा मृण्मयी आणखी खाली वाकली. ते पुढे गेलं. पन्नासला पोचलं आणि शेवटचे दोन थेंब पडून त्रेपन्नवर थांबलं.

"एक ग्रॅम कमी," ती म्हणाली.

"तो नळीच्या भिंतीला चिकटलेला ओलावा," सलीमकाका म्हणाले. त्यांनी अंगातलं जाकीट काढून खुंटीला लावलं. "चला, सौरपत्र्यांवरची धूळ झाडायला कोण कोण येतंय?"

जवळजवळ सगळेच आले. मोठी माणसं अंतराळपोशाख घालून पत्रे पुसत होती. शाळेतल्या मुलांनी आपापल्या घुमटांतले नको असलेले दिवे बंद केले. बंबाच्या दोन्ही टोकांच्या झडपा उघडून आता त्यातून वायू सतत वाहता ठेवला होता. एका बाजूनं बाहेरच्या हवेतून खेचलेला कार्बन डायऑक्साइड आणि टाकीतला हायड्रोजन आत जायचा, दुसऱ्या बाजूनं थंड नळीतून पाणी ठिबकायचं. उरलेला वायू लोखंडाच्या कामासाठी साठवला जात होता. घागर भरली की बाबा ते पाणी तळ्यावर नेत, गाळत, त्यात हवा खेळवत आणि सावकाश सोडत.

मधे एकदा बंबाचं तापमान अचानक घसरलं. पाण्याची धार बारीक झाली. मृण्मयी धावत आत्याकडे गेली.

"तापमान उतरलं की स्थिरांकही उतरतो," आत्या म्हणाली, "आणि पाणी कमी होतं. सलीम, धूळ वाढली का?" वाढली होती. लोकांनी पुन्हा पत्रे पुसले आणि काटा आठशे तीसवर परत आला.

टाकी रिकामी झाली तेव्हा दोनशे एक्क्याण्णव लीटर पाणी जमलं होतं.

"नऊ लीटर कमी," मृण्मयी हिरमुसून म्हणाली.

बाबांनी पाण्यात काठी बुडवून उंची पाहिली. मग ती बाजूला ठेवली, चपला काढल्या आणि काठावर पाय सोडून बसले. "नऊ लीटर मी सांभाळून घेईन," ते म्हणाले. "ये, बस."

कोपऱ्यातल्या बारीक जाळीच्या अलीकडे मोठे रोहू सावकाश वळसे घेत होते. पलीकडे पिल्लं पाण्याच्या धारेविरुद्ध पोहायची, मागे ढकलली जायची आणि पुन्हा पुढे यायची. एकालाही बाजूला काढावं लागलं नव्हतं. बाबांनी पिल्लांना चिमूटभर दाणे टाकले आणि चिमूटभर मृण्मयीच्या हातावर ठेवले.

दोन दिवसांनी सकाळी सलीमकाका त्यांच्या दारात उभे होते. "मृण्मयी, एक विचारायचंय," ते म्हणाले. ते तिला असं काही विचारत आहेत याचं तिला नवल वाटलं. "पृथ्वीवरून येणाऱ्या यानातून वीस माणसं येताहेत. त्यांनाही पाणी लागेल. आणखी वायू तापवण्याएवढी वीज नाही आपल्याकडे. मी म्हणतो, बंबाच्या मधोमध एक थंड नळी बसवली आणि झालेलं पाणी मधेच काढून घेतलं, तर?"

मृण्मयीनं डोळे मिटून तो भागाकार आठवला. "आपल्या पहिल्या चाचणीचं धरू. दोन, दोन, दोन आणि दोन. त्यातलं पाणी काढून घेतलं की वरचा गुणाकार शून्य होतो. मग मोडायला पाणीच उरत नाही, नुसतं तयार होत राहणार." तिनं डोळे उघडले. "क्रिया पुन्हा पुढे जाईल, काका. नवा हायड्रोजन न घालता."

"किती पुढे?"

ती आत गेली आणि शेंगदाण्यांचा डबा घेऊन आली. एक मोल पाणी आणखी झालं तर वर तीन येत होते आणि खाली एक, म्हणजे फार जास्त. अर्धा मोल धरला तर उत्तर एकापेक्षा कमी येत होतं. शेंगदाणे सोलून, अर्धे करून, शेवटी एका दाण्याचे तीन भाग करून ती त्या आकड्याशी आली. तीनातले दोन भाग. तिनं दोनदा पडताळून पाहिलं.

"आणखी दोन तृतीयांश मोल," ती म्हणाली. "आणि ते पाणीही काढून घेतलं तर त्यापुढे आणखी थोडं."

सलीमकाकांनी खिशातून खडू काढला आणि दोघंही बंबाकडे निघाली, नळी कुठे बसवायची त्याची खूण करायला.